बी.ए.च्या प्रोजेक्टसाठी 'सोशल मीडिया आणि तरुणांचं मानसिक आरोग्य' हा विषय घेतलाय. सॅम्पल किती घ्यावं, कोणती चाचणी वापरावी आणि हे आविष्कारला, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला, पाठवता येईल का?

सॅम्पलचं नंतर बघू. आधी सांग, तुझ्या फॉर्ममध्ये पीएचक्यू-९, ती नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची चाचणी, आहे का? असणारच. दरवर्षी जानेवारी उजाडला की कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरापोरींचे गूगल फॉर्म माझ्या फोनवर यायला लागतात, 'ताई, दोनच मिनिटं', आणि बहुतेकांत तेच नऊ प्रश्न. मी भरायला घेते. नववा प्रश्न आला की फॉर्म बंद करते आणि पाठवणाऱ्याला फोन लावते. आमच्या जुन्या ग्रुपवर त्यामुळं माझी काय ख्याती आहे ते विचारू नकोस.

(तुला 'तू' म्हणतेय, राग मानू नको. टी.वाय.ला आहेस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाचं कुणीतरी असशील.)

मीही मानसशास्त्रच केलं. २०२३ ला टी.वाय.ला होते. गाव गारगोटीकडचं, राहायला राजारामपुरीत खोली. चौघींचा गट आणि विषय जवळपास तुझाच. 'सदर विषय आम्ही आवडीने निवडला' असं प्रस्तावनेत लिहायचं असतं, पण विषय सरांच्या कपाटातल्या जुन्या फायलीत असतो हे तुलाही माहीत आहे. कॉलेजचं आणि सरांचं नाव लिहीत नाही. ओळखायचे ते ओळखतील.

फॉर्म तयार होत होता तेव्हाच मी म्हटलं होतं, सर, नववा प्रश्न ठेवायचा असेल तर कुणी 'जवळजवळ रोज' लिहिलं तर आपण काय करायचं ते आधी ठरवूया. मरून गेलेलं बरं, स्वतःला इजा करून घ्यावी, असे विचार गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा आले, हे आपण एखाद्याला विचारतोय आणि पुढं 'सबमिट' एवढं एक बटण ठेवतोय. सर म्हणाले, "प्रमाणित चाचणी आहे ती. एक प्रश्न काढला की चाचणीच राहत नाही. आणि फॉर्म निनावी आहे, तुला कशाला काळजी?" बाकीच्या तिघी गप्प. इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात.

संक्रांत झाली आणि फॉर्म गेला. प्रत्येक वर्गाच्या ग्रुपवर शिक्षकांनीच 'सर्वांनी भरणे' म्हणून टाकल्यामुळं उत्तरांचा पाऊस पडला. शीट साफ करायचं काम माझ्याकडं. वयाच्या रकान्यात कुणी 'वीस', कुणी '२० पूर्ण', एकानं '२००'. तसं करत खाली येताना एक ओळ दिसली. वेळ रात्री सव्वादोनची. झोप ३, भूक ३, स्वतःविषयी वाईट वाटणं ३, नववा ३. ३ म्हणजे 'जवळजवळ रोज'. बेरीज २७ पैकी २४. वीस आणि त्यावर म्हणजे तीव्र, हे आम्हीच प्रकरण तीनमध्ये लिहून ठेवलेलं. शेवटी 'आणखी काही सांगायचे असल्यास' असा एक ऐच्छिक चौकोन होता. बहुतेकांनी रिकामा सोडलेला, काहींनी 'बेस्ट ऑफ लक' लिहिलेलं. हिनं लिहिलं होतं, 'फॉर्म लई मोठा आहे.'

हिनं म्हणते, कारण मुलगी आहे हे कळत होतं. तालुका कळत होता. शाखा, वर्ष, वय आणि वसतिगृहात राहते हेही. हे सगळे रकाने आम्हीच टाकलेले, तक्ते भरगच्च दिसावेत म्हणून. शीटला फिल्टर लावला तर हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच मुली उरत होत्या. नाव आणि ईमेल नाही म्हणून निनावी म्हणायचं, आणि सगळा पत्ता मात्र मागून घ्यायचा.

गटातली एक म्हणाली, शोधूया. दुसरी म्हणाली, कुणाला सांगणार नाही असं आपण वर लिहिलंय. दोघींचंही खरं होतं. सकाळी स्टाफरूममध्ये गेले. सर चहा पीत होते. शीट बघितली आणि म्हणाले, "निनावी आहे, आपण काय करणार? आउटलायर वाटत असेल तर ओळ काढून टाक." मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. इंटर्नलला त्याची किंमत मोजली एवढं सांगते.

आम्ही तिला शोधलं नाही. ज्या ज्या ग्रुपवर फॉर्म गेला होता त्या प्रत्येक ग्रुपवर त्याच दिवशी १४४१६ नंबर टाकला. टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तेव्हा नुकतीच सुरू झालेली, ऑक्टोबर २०२२ मध्ये. फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतं, मराठीत बोलता येतं. सोबत सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, मानसोपचार ओपीडीचं लिहिलं. फॉर्म भरल्यावर 'धन्यवाद' येतं तिथंही तेच टाकलं. आणि मग रेक्टर मॅडमना विचारून त्या वसतिगृहाच्या मेसमध्ये संध्याकाळी जाऊन बसायला लागलो. मॅडम खूश. "मोबाईलवर बोलायला आलाय ना? बोला बाई, ह्यांच्या हातातनं तो सुटत नाही."

'ती मीच' असं कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. पण भाकरी-आमटी संपली तरी पोरी उठेनात. आमच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'दिवसातून किती तास मोबाईल वापरता?' त्यावर सगळ्या हसल्या. मग एक बोलली. दिवाळीत साखरपुडा झाला तेव्हापासून होणाऱ्या नवऱ्याला लाइव्ह लोकेशन चालू लागतं, बंद दिसलं की फोन. दुसरीचा भाऊ व्हॉट्सअ‍ॅपचं लास्ट सीन बघतो. अकरानंतरचं दिसलं तर सकाळी घरून आईचा फोन येतो, आणि आई रडत असते. तिसरीनं मोबाईल काढला, कॅल्क्युलेटर उघडला, चार आकडे टाकून बरोबरचं चिन्ह दाबलं, तर आत फोटोंचं कपाट. मला वाटलं, काय असेल काय नसेल! तर रंकाळ्यावर मैत्रिणींसोबत भेळ खातानाचे फोटो. एकात मागं कॉलेजची दोन पोरं उभी होती, म्हणून लपवलेले.

आता सांग, ह्या पोरीनं 'सहा तास' असं उत्तर लिहिलं तर त्या सहाचा अर्थ काय? मोबाईल किती वेळ हातात असतो हे सगळे विचारतात. पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे, रिचार्ज कोण मारतं, रात्री फोन कुठं ठेवून झोपावं लागतं, हे माझ्याकडं येणाऱ्या फॉर्मांत अजून एकदाही दिसलेलं नाही. तुझा विषय तिथं आहे. मी हे सगळं लिहून दिलं. सरांनी त्याच्या दोन ओळी करून 'संशोधनाच्या मर्यादा' ह्या मथळ्याखाली घातल्या आणि आविष्कारच्या पोस्टरवर रंगीत पाय चार्ट गेले.

तर चाचणीचं. पीएचक्यू-८ नावाची चाचणी आहे. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न वगळून केलेली. मोठ्या लोकसंख्येच्या सर्वेक्षणात, जिथं उत्तर देणाऱ्याच्या जवळ कुणी नसतं, तिथं हीच वापरतात, आणि १० गुणांचा उंबरठा, जिथून पुढं नैराश्याची शक्यता धरतात, दोन्हीकडं तोच. म्हणजे एक प्रश्न काढला तरी चाचणी राहते. सर हे वाचत असतील तर वाचू देत. ग्रुपवर अजून दरवर्षी तोच फॉर्म फिरतोय, फक्त वर्ष बदलून.

इंटरनेट व्यसनाची किंबर्ली यंगची वीस प्रश्नांची चाचणी डोळे झाकून उचलू नकोस. ती १९९८ च्या सुमाराची आहे, महत्त्वाचं काम सोडून आधी ईमेल बघता का असं विचारते. आपल्याकडं ईमेल फक्त निकाल आणि फॉर्म भरायच्या वेळी उघडतात. स्मार्टफोन व्यसनाची दहा प्रश्नांची लहान चाचणी २०१३ ची, कोरियातल्या किशोरवयीन मुलांवर बेतलेली. मुलग्यांसाठी आणि मुलींसाठी तिचे उंबरठे वेगळे आहेत, हे न बघता सगळ्यांना एकच लावलेले प्रोजेक्ट मी पाहिलेत. पीएचक्यू 'गेल्या दोन आठवड्यांचं' विचारते. सेमिस्टरच्या परीक्षेत फॉर्म फिरवलास तर परीक्षेचाच ताण मोजशील आणि नाव इन्स्टाग्रामचं घेशील. आणि एकदाच भरून घेतलेल्या फॉर्मवरून 'मोबाईलमुळे झोप उडते' असा निष्कर्ष लिहू नको. झोप येत नाही म्हणून मोबाईल बघणारेही असतात.

विषय बदलता येत असेल तर बदल. 'तरुण' म्हणजे कोण? कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीत जुलैत जाऊन बघ. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेली माणसं रात्रभर मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतात. ३९ फूट इशारा, ४३ धोका, आणि मधल्या चार फुटांत धरणाचे दरवाजे उघडल्याचे खरेखोटे फॉरवर्ड. तंत्रज्ञान आणि मन, दोन्ही एका घरात. शेजारी सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव आहे. २०२२ मध्ये त्या गावानं संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. बातम्या पोरांच्या अभ्यासाच्या आल्या. त्या दीड तासात घरातली बाई काय करते ते विचार. किंवा रमी. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण आधी हरलेले पैसे त्यानं परत येत नाहीत. मी आता पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलावर बसते. आईचं गंठण घेऊन आलेला पोरगा कारण काय सांगतो आणि खरं कारण काय असतं, ह्यावर कुणी प्रोजेक्ट केला तर मी स्वतः चहा पाजीन.

आता थोडं उलट बाजूनंही सांगते, नाहीतर नको तो अर्थ काढशील. आत्महत्येबद्दल विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरतो, असं नाही. अभ्यास तसं सांगत नाहीत. समोर बसून, थांबायची तयारी ठेवून, पुढं कुणाकडं न्यायचं ते ठरवून जरूर विचार. रात्री सव्वादोनला लिंक पाठवून विचारू नको, एवढंच. नवव्यात ३ लिहिलं म्हणजे ती व्यक्ती लगेच काही करणार असंही नसतं, आणि २४ म्हणजे निदान नव्हे, ते डॉक्टरांचं काम. गूगल फॉर्मशी माझं वैर नाही. आणि सगळेच गाईड तसे नसतात. शेजारच्या विभागातल्या एका मॅडम विद्यार्थ्यांबरोबर स्वतः मेसमध्ये येऊन बसायच्या.

सॅम्पलचं राहिलं. २०० हा आकडा मागच्या वर्षीच्या फायलीतून येतो, दुसरं काही कारण नसतं. दोन गटांची तुलना करायची असेल तर किती लागतील ते तुमच्या सांख्यिकीच्या शिक्षकांकडून काढून घे. बसून बोलणार असशील तर बारा-पंधरा माणसं पुष्कळ होतात, लिहून काढता काढता हात मोडतो. अकरावी-बारावीची पोरं घेऊ नको, १८ च्या आतल्यांना पालकांची संमती लागते आणि ती तुमच्याकडं कुणी घेत नाही. तालुका आणि शाखा हे दोन्ही रकाने एकत्र ठेवू नको. आविष्कारला पाठव, पदवीचा गट वेगळा असतो तिथं. पोस्टरवर पाय चार्ट टाकावाच लागेल, टाक.