टायटॅनिक बुडाली की बुडाले?

स्कॉटलंडच्या क्लाइड नदीकाठी चालणाऱ्या जहाजबांधणीवरच्या एका लेखाचा अनुवाद करणाऱ्या ताईंनी विचारले आहे: "मी 'टायटॅनिक बुडाली', 'क्वीन मेरी पाण्यात उतरली' असे लिहिले होते. संपादकांनी सगळीकडे 'बुडाले', 'उतरले' केले. त्यांचे म्हणणे असे की जहाज नपुंसकलिंगी आहे आणि स्त्रीलिंग हे इंग्रजीत जहाजाला 'शी' (ती) म्हणतात त्याचे अनुकरण आहे. खरे काय?"

दोन्ही रूपे बरोबर आहेत. 'टायटॅनिक बुडाले' यात काहीच चूक नाही. पण 'बुडाली' इंग्रजीवरून आले, हे मात्र मला अजिबात मान्य नाही.

पुण्या-मुंबईत रोज ये-जा करणाऱ्या माणसाची गाडी गेली की तो म्हणतो, "सिंहगड चुकली." सिंहगड किल्ला मात्र सर झाला, तो पुल्लिंगीच. गाडीच्या नावात 'सिंहगड' स्त्रीलिंगी झाला, कारण बोलणाऱ्याच्या मनात 'गाडी' हा शब्द आहे, फक्त तो उच्चारलेला नाही. वाहनाच्या नावाला मराठीत स्वतःचे लिंग नसते, त्याच्यामागे दडलेल्या सामान्यनामाचे लिंग ते घेते. 'टायटॅनिक बुडाली' म्हणताना मनात 'बोट' असते, 'बुडाले' म्हणताना 'जहाज'. गंमत म्हणजे पाण्यावरच्या वाहनांसाठी आपल्याकडे तिन्ही लिंगांचे शब्द आहेत. होडी, नाव, नौका, आगबोट स्त्रीलिंगी. जहाज, गलबत, तारू, शिबाड नपुंसकलिंगी. मचवा आणि पडाव पुल्लिंगी. जहाज हा शब्द फारसीतून आला. हिंदीने तो पुल्लिंगी केला, कारण तिथे नपुंसकलिंग उरलेलेच नाही. आपण मात्र 'ते जहाज' म्हणत राहिलो.

'बोट' तर इंग्रजीतूनच घेतला. पण तिकडे तो लिंगाशिवाय होता, त्याला स्त्रीलिंग दिले ते मराठीने, होडी आणि नाव यांच्या पंक्तीला बसवून. शिवाय हाताचे बोट आधीच नपुंसकलिंगी होते, त्यामुळे दोघांची फारकत आपोआप झाली. अनेकवचनात बोटे आणि बोटी. 'बोट लागले' म्हणजे कुणाचा तरी स्पर्श झाला. 'बोट लागली' म्हणजे ती धक्क्याला आली, नाहीतर प्रवाशाला मळमळायला लागले. एवढा फरक एका 'ली'ने दाखवणारी भाषा स्त्रीलिंगासाठी इंग्रजीच्या दारात कशाला जाईल?

इंग्रजीतली 'शी' ही निराळीच गोष्ट आहे. त्या भाषेत नामांना व्याकरणिक लिंग नाही. जहाजाला 'शी' म्हणणे ही खलाशांची आणि बांधणाऱ्यांची माया आहे, व्याकरणाची सक्ती नव्हे. म्हणूनच ती बदलता आली. 1734 पासून निघणाऱ्या 'लॉइड्स लिस्ट' या जहाजव्यवहाराच्या पत्राने 2002 मध्ये 'शी' सोडून 'इट' वापरायचे ठरवले. ब्रिटिश नौदलाने आपली 'शी' सोडली नाही. मराठीत असा ठराव कुणी करू शकत नाही. 'बोट' म्हटले की 'बुडाली' येणारच, आणि त्यात भावनेचा काही संबंध नाही.

आता एक निरीक्षण, जे मला स्वतःला फार आवडते. 'लुसिटानिया बुडाली' असे लिहिताना फारसे कुणी अडखळत नाही. घोटाळा होतो तो 'टायटॅनिक'पाशी. कारण नावाच्या शेवटात आहे. क्युनार्ड कंपनीने आपल्या बोटींना बहुतेक रोमन प्रांतांची किंवा प्रदेशांची नावे दिली: क्लाइडबँकला 1906 साली पाण्यात उतरलेली लुसिटानिया, त्याच वर्षी टाइन नदीवर वॉल्सेंडला उतरलेली मॉरिटानिया, टायटॅनिकच्या प्रवाशांना वाचवायला धावलेली कार्पेथिया. हा 'या' मराठी कानाला विद्या, क्रिया, शय्या यांच्यासारखा स्त्रीलिंगी वाटतो. व्हाइट स्टार कंपनीची नावे 'इक'वर संपतात: ऑलिंपिक, टायटॅनिक, ब्रिटानिक. तिथे कानाला काही खूण सापडत नाही, मग माणूस मनातला शब्द शोधतो, आणि एकाच्या मनात 'बोट' असते तर दुसऱ्याच्या मनात 'जहाज'.

नावाचा शेवट असा थोडासा कल देतो, पण नावाचा अर्थ काहीच ठरवत नाही. याचा सर्वात चांगला पुरावा युद्धनौकांत सापडतो. क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत 1918 साली पाण्यात उतरलेल्या 'हूड'ला एका आरमारप्रमुखाचे नाव होते, तरी 24 मे 1941 रोजी 'हूड' बुडाली असेच आपण लिहितो, कारण मागे 'युद्धनौका' उभी आहे. आपल्या नौदलाचेच बघा. न्यूकॅसलला टाइन नदीवर 22 सप्टेंबर 1945 रोजी 'हर्क्युलिस' नावाची विमानवाहू नौका पाण्यात सोडली गेली. महायुद्ध संपले होते, काम अर्धवट थांबले. 1957 साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत ती पुरी झाली आणि 4 मार्च 1961 रोजी तिथेच 'विक्रांत' म्हणून भारतीय नौदलात दाखल झाली. इंग्लंडमधल्या बॅरोला बांधलेली 'हर्मीस' 1987 मध्ये आपली 'विराट' झाली. एक ग्रीक वीर, एक ग्रीक देव, आणि विक्रांत, विराट ही दोन्ही आपल्याकडे पुरुषांची नावे. तरीही 1997 मध्ये विक्रांत निवृत्त 'झाली' आणि 2017 मध्ये विराट निवृत्त 'झाली'. ज्या बेलफास्टच्या गोदीने टायटॅनिक बांधली तिनेच विक्रांत पुरी केली. मग एकीला 'बुडाले' आणि दुसरीला 'निवृत्त झाली' असे दोन वेगळे न्याय का लावायचे, असे तुमच्या संपादकांना नक्की विचारा.

आणि 'रामदास'. मुंबईहून रेवसला निघालेली ही प्रवासी बोट 17 जुलै 1947 रोजी काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी आजही 'रामदास बुडाली' असेच येते. समर्थ रामदासांचे नाव आहे म्हणून 'बुडाले' म्हणावे, असे त्यांच्या मनातही येत नाही. त्यांनी हे काही कुठल्या इंग्रजी पुस्तकातून उचललेले नाही.

तुमच्या लेखात क्वीन मेरी आहे, तिच्याबाबत मराठीची एक सोय हाताशी आहे. ही बोट नाव मिळण्याआधी नुसती 534 होती, तो गोदीतला तिचा क्रमांक. डिसेंबर 1930 मध्ये काम सुरू झाले, पण मंदीत पैसा आटला आणि 11 डिसेंबर 1931 रोजी ते थांबले. तीन हजारांहून अधिक कामगार घरी बसले, आणि क्लाइडबँकच्या घरांवर तो अर्धवट सांगाडा सव्वादोन वर्षांहून अधिक काळ नुसता उभा राहिला. क्युनार्डने व्हाइट स्टारशी एकत्र यावे या अटीवर सरकारने कर्ज दिले, तेव्हा एप्रिल 1934 मध्ये पुन्हा हातोडे वाजू लागले. 26 सप्टेंबर 1934 रोजी राणी मेरी स्वतः आल्या आणि बोटीला त्यांचेच नाव मिळाले. इंग्रजीत या प्रसंगी दोघीही 'शी', मग कोण कुठली हे संदर्भावरून ओळखायचे. मराठीत 'राणी मेरी आल्या' आणि 'क्वीन मेरी उतरली': आदरार्थी बहुवचनाने माणूस आणि बोट वेगळ्या झाल्या. याच कारणासाठी नावाचे भाषांतर करू नका. 'राणी मेरी पाण्यात उतरल्या' असे छापून आले तर अनर्थ होईल. 534 असताना मात्र मी 'जहाज' धरून नपुंसकलिंगच ठेवीन: "534 रखडले होते." नाव नसलेल्या सांगाड्याला ते शोभते.

'बोट म्हणजे छोटी, एवढ्या मोठ्या जहाजाला बोट कसे म्हणायचे' अशीही शंका येते. ती इंग्रजीची आहे, आपली नाही. आपल्याकडे लोक बोटीनेच विलायतेला जात. अडचण येते ती दुसरीकडे. टायटॅनिकवर 20 लाइफबोटी होत्या, आणि 'बोटीवर वीसच बोटी होत्या' हे वाक्य वाचणाऱ्याला गोंधळात टाकते. तिथे 'होड्या' लिहा: "बोटीवर होड्या वीसच होत्या." किंवा त्या परिच्छेदापुरते मोठीला 'जहाज' करा.

फक्त एका वाक्यात दोन शब्दांची सरमिसळ नको. 'टायटॅनिक हे जहाज 1912 मध्ये बुडाली' हे साफ चूक, आणि घाईच्या अनुवादात ते वारंवार दिसते. 'हे जहाज' म्हटले की 'बुडाले', 'ही बोट' म्हटले की 'बुडाली'. नुसते 'टायटॅनिक' असेल तर लेखात पहिल्यांदा जो शब्द घेतला त्याच्याशी शेवटपर्यंत जुळवून घ्या. प्रवासी बोटी आणि युद्धनौका यांना मी स्त्रीलिंग ठेवतो, मालवाहू आणि तेलवाहू असतील तर 'जहाज' धरून नपुंसकलिंग. तुमच्या मसुद्यातले 'क्वीन मेरी पाण्यात उतरली' हे वाक्य आहे तसेच राहू द्या. 'जलावतरण' शीर्षकात चांगले दिसते, पण मजकुरात 'उतरली'च बरे.