लेस्टर पेरीस आणि तुझी ठिबक सिंचनाची फिल्म

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. ठिबक सिंचन, मतदार जागृती, बचतगट... 'असल्या सरकारी फिल्मा करून हात बिघडत चाललाय, नोकरी सोडते आणि सरळ पहिला सिनेमा करते' असं तू लिहिलंयस. सोड किंवा सोडू नकोस, ते तुझं तू ठरव. मी तुला श्रीलंकेतल्या एका माणसाबद्दल सांगतो. आपल्याकडे जागतिक सिनेमाच्या गप्पा इराण, कोरिया आणि जपान करून येतात; शेजारच्या बेटाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

लेस्टर जेम्स पेरीस. जन्म 1919, कोलंबोलगतच्या देहिवळाचा. वडील डॉक्टर, घर कॅथलिक, घरात बोलणं इंग्रजीत. वयाच्या विशीत तो कोलंबोच्या इंग्रजी वर्तमानपत्रात लागला. 1947 मध्ये लंडनला गेला, तिथे भाऊ आयव्हन चित्रकार होता. तिथेच हौशी मंडळींबरोबर त्याने दोन-तीन छोट्या फिल्म केल्या. त्या पाहून राल्फ कीन नावाच्या ब्रिटिश माहितीपटकाराने त्याला परत मायदेशी, सिलोनच्या (श्रीलंकेचं तेव्हाचं नाव) सरकारी फिल्म युनिटमध्ये बोलावलं. 1952 मध्ये तो रुजू झाला. तिथे त्याने काय केलं? कोरडवाहू प्रदेशातल्या मलेरियावर एक माहितीपट केला. आणि 1955 मध्ये एक फिल्म केली रस्त्यावरच्या सुरक्षिततेवर. गाडी नीट चालवा, रस्ता नीट ओलांडा! सिंहली सिनेमाचा पितामह म्हणतात तो हाच गृहस्थ. तेव्हा ठिबक सिंचनाची लाज बाळगू नकोस.

त्या नोकरीत त्याला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे उघड्यावर, मिळेल त्या उजेडात शूटिंग करायची सवय. दुसरी म्हणजे माणसं: कॅमेरामन विल्यम ब्लेक आणि संकलक टायटस तोटवत्ते. 1955 मध्ये त्याने नोकरी सोडली तेव्हा हे दोघेही त्याच्याबरोबर बाहेर पडले. तुझ्या पत्रात नायकाचं नाव आहे, कॅमेरा कुठला भाड्याने घेणार ते आहे, फेस्टिव्हलांची यादीसुद्धा आहे. तुझ्याबरोबर कोण बाहेर पडणार, याबद्दल एक ओळ नाही. तू राजीनामा देशील त्या दिवशी तुझ्या युनिटमधला साउंडवाला तुझ्यामागे येईल का? येणार नसेल तर आणखी वर्षभर थांब आणि त्याच्याशी मैत्री कर.

आता तेव्हाचा सिंहली सिनेमा कसा होता ते पाहा. पहिला सिंहली बोलपट 1947 सालचा, नाटकावरून केलेला, दिग्दर्शक बंगाली, शूटिंग दक्षिण भारतातल्या स्टुडिओत. पुढेही बरीच वर्षं हाच शिरस्ता होता. नट बोटीत बसून इकडे यायचे, मद्रासकडच्या सेटवर सिंहली गाव उभं राहायचं, चाली आपल्याकडच्या गाण्यांवरून उचललेल्या. पेरीसने 'रेखावा' काढला तो पूर्णपणे बाहेर, श्रीलंकेच्या खेड्यात. आंधळ्या मुलीची दृष्टी परत येते आणि त्याचं श्रेय एका मुलाला दिलं जातं. मग गाव त्याला हात लावून बरं करणारा ठरवतं आणि बाप त्यावर पैसे करू पाहतो. 28 डिसेंबर 1956 ला चित्रपट लागला. त्याच वर्षी तिथे 'फक्त सिंहली' हा राजभाषेचा कायदा झाला होता आणि नाटककार सरच्चंद्रांचं 'मनमे' हे नाटक रंगभूमीवर आलं होतं. देशभर 'आपलं' काय याचा शोध चालू असताना, इंग्रजी घरात वाढलेल्या या कॅथलिक माणसाने पडद्यावर पहिलं खरं वाटणारं सिंहली खेडं दाखवलं. ते त्याला ठाऊक होतं म्हणून जमलं असं मला वाटत नाही. ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने ते निरखून पाहिलं. 'मी गावची नाही, मला तो अधिकार आहे का' हा तुझा प्रश्न मला म्हणूनच फारसा चिंतेचा वाटत नाही. जा, राहा, गप्प बसून बघ. अधिकार कुणी दाखल्यासारखा देत नसतो.

'रेखावा' 1957 मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. आणि घरी? पडला. प्रेक्षक फिरकलेच नाहीत.

इथपर्यंतची गोष्ट तिथले सगळेच सांगतात. मला रस आहे तो पुढच्या सात वर्षांत. पुढचा चित्रपट आला थेट 1960 मध्ये, 'संदेशय'. पोर्तुगिजांच्या काळातला, भरपूर धामधूम असलेला, चाललेला. समीक्षकांनी नाकं मुरडली असतील, मुरडोत बापडी. त्या चित्रपटाने त्याला धंद्यात टिकवलं. शुद्धतेचा हट्ट धरून तो घरी बसला असता तर 1963 चा 'गम्पेरळिय' झालाच नसता. तुला तो निर्माता जत्रेवरची विनोदी फिल्म देतोय ना, घे. नीट कर. त्यातून पुढच्या सिनेमाचा कॅमेरामन आणि थोडी पत मिळव.

'गम्पेरळिय' मात्र दोनदा बघ. मार्टिन विक्रमसिंहांची कादंबरी, दक्षिणेकडच्या गावातला एक मोठा वाडा, तिथे त्याला वलव्व म्हणतात. घरातली मुलगी नंदा. तिला इंग्रजी शिकवायला येणाऱ्या पियलला घर नकार देतं, कारण तो तोलामोलाचा नाही. ती दिली जाते जिनदासला. तो घराण्याने बरा, कर्तृत्वाने यथातथा. घर खचत जातं, जिनदास व्यापार करायला दूर निघून जातो, आणि नाकारलेला पियल पैसेवाला होतो. आपल्याकडे यात किमान तीन भांडणं, एक गाणं आणि एक थप्पड झाली असती. इथे गाणं नाही, नाच नाही, मारामारी नाही. ठरवून ठेवली नाही. 'रेखावा'त गाणी होती, लक्षात घे. म्हणजे गाणी टाकून द्यायचं धैर्य पहिल्याच फटक्यात आलं नाही, त्याला सात वर्षं लागली. आणि ते आलं तेव्हा निर्माता अँटन विक्रमसिंह त्याच्या पाठीशी होता. 1965 मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णमयूर मिळाला, परीक्षकांचे अध्यक्ष सत्यजित राय होते.

'गम्पेरळिय'चं संकलन सुमित्रा गुणवर्धन यांचं. लंडनला सिनेमा शिकून आलेल्या. 1964 मध्ये दोघांनी लग्न केलं, पण मी तुला सांगतोय ते लग्नासाठी नव्हे. 'संदेशय'च्या युनिटमध्ये त्या दिग्दर्शनाच्या सहायक होत्या. संकलन करता करता स्वतः दिग्दर्शक झाल्या, आणि 1978 मध्ये 'गॅहॅनु लमयि' केला. या बाईंवर मी वेगळं पत्र लिहीन, इथे दोन ओळींत उरकणं बरोबर नाही. तुला पटकथेच्या टप्प्यावरच एक संकलक बरोबर हवा, एवढं मात्र घे.

मग 'निधानय'. 1997 मध्ये श्रीलंकेच्या सिनेमाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तिथला सर्वोत्तम चित्रपट म्हणून यालाच कौल मिळाला. विली अबेनायक हा जुन्या घराण्यातला, कर्जात बुडालेला माणूस. गुप्तधन हवं तर मानेवर चार तीळ असलेल्या कुमारिकेचा बळी द्यावा लागेल असं त्याला कळतं. तशी मुलगी सापडते, तो तिच्याशी लग्न करतो. या दोन भूमिकांत गामिनी फोन्सेका आणि मालिनी फोन्सेका. आता बघ, विलीला काय दिसतंय ते आपल्याला माहीत आहे, त्याच्या बायकोला, आयरीनला, माहीत नाही. त्यामुळे नवरा-बायकोचं अगदी साधं, प्रेमाचं बोलणं चालू असतं आणि आपलं लक्ष तिच्या मानेकडे. कुणी ओरडत नाही, पार्श्वसंगीत अंगावर येत नाही. तुझ्या पटकथेत खुनाच्या आधीची अकरा पानं 'काहीतरी वाईट घडणार' हे सांगण्यात गेली आहेत. ते प्रेक्षकाला पहिल्याच पानावर सांगून टाक आणि उरलेली दहा पानं पात्रांना चहा पिऊ दे.

पुढचं थोडक्यात. विक्रमसिंहांच्या त्याच कादंबरी-त्रयीतले पुढचे दोन भाग त्याने केले ते 'गम्पेरळिय'नंतर जवळजवळ वीस वर्षांनी, 'कलियुगय' आणि 1983 चा 'युगांतय'. त्यानंतर थेट 1995. म्हणजे बारा वर्षं काही नाही, आणि तोवर वय पंचाहत्तरीच्या पुढे. शेवटचा चित्रपट 2006 चा. 2018 मध्ये, नव्याण्णवाव्या वर्षी तो गेला. वीसेक चित्रपट. तू मला विचारतेस, तिशीच्या आत झाला नाही तर काय? 'रेखावा' लागला तेव्हा पेरीस सदतीस वर्षांचा होता.

एक काम मात्र आजच कर. 'निधानय'ची मूळ निगेटिव्ह हरवली. 2013 मध्ये तो पुन्हा उभा राहिला तो इटलीतल्या बोलोन्यात, उरलेल्या प्रिंटांवरून. सर्वोत्तम ठरलेल्या चित्रपटाची ही गत, तर तुझ्या लॅपटॉपमधल्या फायलींची काय कथा! ठिबक सिंचनाचं सगळं फुटेज दोन वेगवेगळ्या डिस्कवर घे, एक डिस्क तुझ्या आईकडे ठेव आणि डबीवर तारीख, गाव आणि कॅमेरामनचं नाव लिही. त्यातला तो चर खणणारा म्हातारा मला फार आवडला होता. त्याचे न वापरलेले शॉट असतील तर तेही पाठव, दिवाळीनंतर येशील तेव्हा बसून बघू. आणि येताना त्या साउंडवाल्यालाही घेऊन ये.