कारण सापडेपर्यंत उडवू नकोस

प्रिय मित्रा,

रविवारी मैदानाच्या कडेला तुझे मोडलेले रेडिओ-नियंत्रित छोटे विमान पोत्यात भरताना तू मला विचारलेस की नवे तयार विमान घ्यावे, की ह्यालाच अधिक ताकदीची मोटार बसवावी. मी नीट उत्तर दिले नाही, कारण तुझ्या दोन्ही पर्यायांत मूळ प्रश्न कुठेच नव्हता. सात वर्षांनी तू ह्या छंदाकडे परतलास, एकच विमान तीनदा एकाच रीतीने पाडलेस आणि दर वेळी त्याच संध्याकाळी चिकटवून पुढच्या रविवारी पुन्हा उडवलेस. पडण्याचे कारण सापडल्याशिवाय विमान उडवायचे नाही. मला एवढेच सांगायचे आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

१९९८ साली माझे ग्लो इंजिनाचे, म्हणजे इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचे, बाल्सा ह्या हलक्या लाकडाचे विमान वळणावर असताना अचानक ऐकेनासे झाले आणि थेट जमिनीत घुसले. तेव्हा आमचे रेडिओ संच ७२ मेगाहर्ट्‌झचे असत. एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केले की हवेतले विमान गेलेच, म्हणून त्या चॅनेलचा चिमटा ज्याच्याकडे असेल त्यानेच संच चालू करायचा असा नियम होता. माझा संशय शेजारच्या सहकाऱ्यावर गेला. तो नाही म्हणाला, मी मानले नाही, सर्वांदेखत नको ते बोललो, अवशेष खोक्यात घालून माळ्यावर टाकले आणि एकवीस वर्षे मैदानावर पाऊल ठेवले नाही. माझा संशय अगदीच निराधार नव्हता, हे आजही म्हणेन. चॅनेलच्या गोंधळातही विमान असेच बधिर होते. पण संशय म्हणजे तपास नव्हे. २०१९ मध्ये खोके उघडून विमानातल्या रिसीव्हरच्या, म्हणजे ट्रान्समीटरचे संदेश घेणाऱ्या भागाच्या, निकेल-कॅडमियम बॅटरीची ऋण वायर सोलली, तेव्हा आतले तांबे पार काळे पडलेले होते. ह्या बॅटऱ्यांत असे होते: वरचे आवरण शाबूत दिसते, आत गंज सरकत जातो आणि सर्व्होंनी, म्हणजे विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटारींनी, एकदम जास्त प्रवाह मागितला की रिसीव्हरला पुरेसा विद्युतदाब मिळत नाही. वायर सोलायला मला दोन मिनिटे लागली. तोपर्यंत तो सहकारी हयात नव्हता.

आता तुझे विमान. ते हातातून सुटताच नाक वर करते, वेग गमावते, एक पंख टाकते आणि गिरक्या घेत खाली येते. शेपटीच्या जोडावर तू दोनदा एपॉक्सी गोंद थापला आहेस, म्हणजे शेपटी जड झाली असावी. गुरुत्वमध्यापासून शेपटी नाकाच्या तिप्पट दूर असेल, तर तिथले १० ग्रॅम तोलायला नाकात ३० ग्रॅम घालावे लागतात. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांवर दोन्ही बाजूंनी बोट टेकवून विमान उचल आणि शेपटी खाली जाते का पाहा. मोठी मोटार नाकाचे वजन वाढवून कदाचित विमान सावरेलही, आणि तेच मला अधिक वाईट वाटते, कारण मग दोष काय होता हे तुला कधीच कळणार नाही. अर्थात हा माझा तर्क आहे. कारण सापडले असे तू स्वतः तोलून पाहिल्यावरच म्हणायचे.

बॅटरीबद्दल मात्र मला राग आला. लिथियम-पॉलिमर बॅटरी ठेवून देताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास असावा लागतो, हे ठाऊक असूनही तू ती पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवलीस, आणि आज फुगलेली असूनही वापरतोस. ती चार्ज करू नकोस. घराबाहेर, वाळूच्या डब्यात ठेव.

पुढच्या रविवारी विमान न चिकटवता आण, पोत्याच्या तळाशी राहिलेले तुकडेसुद्धा. वजनकाटा आणि चांगली बॅटरी मी आणतो. सर्व्हो हलवून पाहायचे आहेत, म्हणून ट्रान्समीटर आण. प्रोपेलर मात्र काढून घरीच ठेव.