कडीची सावली उजवीकडे, भुताची डावीकडे

ऑक्टोबर लागला की आमच्या ऑनलाइन गटात एक फोटो पडतो. एकच फोटो, सगळ्यांना तोच. ज्यानं त्यानं तो आपापल्या परीनं भीतीदायक करायचा आणि 31 तारखेच्या रात्री, हॅलोविनला, एकमेकांना दाखवायचा. बक्षीस नाही, नंबर नाही. यंदाचा मूळ फोटो मी दिला होता: खानापूर तालुक्यातल्या एका बंद वाड्याचं परसाकडचं दार, वर मंगलोरी कौलं, उंबऱ्याशी वाळका पाला, दाराला लोखंडी कडी. मालकांना विचारून, संध्याकाळी सव्वापाचला काढलेला. त्यावरून फोटो एडिटिंगच्या या सदराकडे इतकी पत्रं आली की या महिन्यात लग्नाचे अल्बम आणि पासपोर्ट फोटो बाजूला ठेवते आणि सगळी जागा याच विषयाला देते.

ताई, मी त्या दारात माझ्या मामेबहिणीचा फोटो कापून बसवला. पांढरी साडी, मोकळे केस, कौलांवर पौर्णिमेचा चंद्र. आई बघून म्हणाली, "भूत दिसतंय, खरं भीती वाटंना." तीन रात्री जागले. तरी चिकटवल्यासारखंच का दिसतंय?
– विद्यार्थिनी, खानापूर

आईला नमस्कार सांग. तिला कारण सांगता आलं नसेल, पण चूक तिच्या डोळ्यानं बरोबर पकडली आहे.

तुझा फोटो मी मोठा करून पाहिला. दाराची कडी बघ. कडीची सावली उजवीकडे पडली आहे, चांगली बोटभर लांब. कारण दार दक्षिणेला आहे आणि ऑक्टोबरात सव्वापाचला सूर्य पश्चिमेला, म्हणजे आपल्या डावीकडे, अगदी खाली आलेला असतो. आता मामेबहिणीचं नाक बघ. नाकाची सावली डावीकडे गेली आहे. तिचा फोटो तू घरात, उजवीकडच्या खिडकीजवळ काढला असणार. म्हणजे एका चित्रात दोन सूर्य झाले. बघणारा हे मोजत बसत नाही, पण त्याला खोटं कळतं, आणि खोटं कळलं की भीती गेली. सोपा उपाय म्हणजे तिचा फोटो आडवा उलटा कर, आरशात दिसतो तसा. साडीचा पदर दुसऱ्या खांद्यावर जाईल, तो केसांखाली झाक. त्याहून चांगला उपाय म्हणजे तिला संध्याकाळी पाचनंतर अंगणात उभी कर आणि उजेड डावीकडून येईल असा नवीन फोटो काढ.

मग चंद्र. हा घोटाळा तू एकटीनंच केलेला नाहीस, निम्म्या मंडळींनी केला आहे. चंद्र तू कौलांच्या वर, म्हणजे घराच्या मागे लावलास. पण उजेड तर दारावर समोरून आणि डावीकडून पडलाय. चंद्र मागे असता तर दाराची ही बाजू काळीकुट्ट राहिली असती. या फोटोत चंद्र दाखवायचाच नाही. तो डावीकडे, चौकटीच्या बाहेर आहे असं धर. दिवसाची रात्र करताना आपण सूर्याचाच चंद्र करतो, आणि ते खोटंही नाही, कारण चांदणं म्हणजे परत फिरलेलं ऊनच. कॅमेरा चांदण्यात बराच वेळ उघडा ठेवला तर फोटो दिवसासारखा रंगीत येतो. चांदणं निळं वाटतं ते आपल्या डोळ्यामुळे. अंधारात डोळ्याला लाल रंग विझल्यासारखा दिसतो आणि निळा-हिरवा त्या मानानं उजळ राहतो. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञानं हे 1819 साली टिपून ठेवलं. म्हणून नुसता निळा रंग ओतू नकोस. आधी लाल मार. कौलं तांबडी दिसता कामा नयेत, राखेसारखी दिसायला हवीत. मग सगळ्यावर अंधार, आणि शेवटी निळ्याची झाक, भाजीत मीठ घालावं तेवढीच.

आता पाय. तुझी बाई उंबऱ्यावर उभी आहे, पण उंबऱ्याला तिचा पत्ता नाही. पाय जिथं टेकतात तिथं सगळ्यात गडद, अगदी रेघेसारखी सावली असते. तिच्यापासून लांब जावं तशी सावली फिकी आणि पसरट होते. नवीन लेयर, म्हणजे चित्रावर ठेवायचा पारदर्शक थर, घे. तो मल्टिप्लायवर ठेव, म्हणजे खालचं चित्र गडद होतं. मऊ ब्रश, ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा दाटपणा, दहा टक्क्यांच्या आसपास, आणि हळूहळू रंग चढव. काळा रंग घेऊ नकोस, उंबऱ्याच्या लाकडाचाच सगळ्यात गडद रंग उचल. केसांचंही तेच. तिचे केस चित्रातल्या कुठल्याही काळोखापेक्षा जास्त काळे आहेत. दाराच्या फटीतला अंधार आणि तिचे केस सारखे होईपर्यंत केस थोडे फिके कर. शेवटी सगळ्या चित्रावर एकदम बारीक दाणा, म्हणजे फोटोत दिसतात तसे रवाळ ठिपके, टाक. कटिंग केलेला फोटो गुळगुळीत आणि मूळ फोटो दाणेदार, असा फरक उरता कामा नये.

माझे वडील शहापुरातल्या आमच्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीनं टचिंग करायचे. टोक सुईसारखं केलेली पेन्सिल, खालून उजेड, आणि चेहऱ्यावरच्या एका सुरकुतीला पाऊण तास. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की छापताना तेवढी जागा उजळ येते. ते म्हणायचे, सुरकुती काढायची नाही, थोडी निजवायची. तुझ्या भुतालाही तसंच थोडं निजव. चेहरा पूर्ण दाखवू नकोस. अर्धा दाराआड जाऊ दे.

मोबाइलवर होतं का? की फोटोशॉप विकत घ्यावंच लागतं?
– वाचक, चिकोडी

होतं. स्नॅपसीड मोबाइलवर फुकट आहे, संगणक असेल तर गिंप फुकट आहे, आणि वर सांगितलेलं जवळजवळ सगळं गिंपमध्ये होतं. फोटोशॉप 1990 साली आलं तेव्हा त्यातही लेयर नव्हते, ते 1994 मध्ये आले. तोवर लोक काय चांगलं काम करत नव्हते का? एकच सांभाळा: मूळ फाइल कधीही बदलू नका, दरवेळी नवीन नावानं सेव्ह करा. जेपीईजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, पुन्हा पुन्हा सेव्ह केली की प्रत्येक वेळी थोडी झिजते.

ताई, मी शाळेत शिकवते. मुलं हॅलोविन हॅलोविन करतात, भोपळ्याला डोळे कोरतात, वटवाघळं चिकटवतात. आपले सण काय कमी आहेत? तुमच्यासारख्यांनीच याला खतपाणी घालावं याचं वाईट वाटतं.
– शिक्षिका, निपाणी

बाई, तुमचं वाईट वाटणं मला कळतं. हा सण आयर्लंडकडचा. तिथं सुगी संपून थंडी लागताना साउइन नावाचा जुना सण असायचा आणि त्या रात्री मेलेली माणसं घराकडे फिरकतात असं लोक मानत. पुढे त्याला ख्रिस्ती संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ हे रूप आलं. दिवे ते सलगमात कोरायचे. माणसं अमेरिकेत गेली, तिथं भोपळा मोठा आणि कोरायला सोपा मिळाला. म्हणजे त्यांनीही जिथं गेले तिथलंच फळ घेतलं, आणि मला मुलांना हेच सांगावंसं वाटतं.

आपल्याला हे अगदी परकं आहे असंही मला वाटत नाही. पितरं घरी येतात म्हणून आपण पितृपक्षात पान वाढतो. चोर्ला घाट उतरलं की गोव्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात, आणि 2024 साली ती चतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला होती. बेळगावात 31 डिसेंबरच्या रात्री ओल्डमॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात, तो तरी कुठून आला? कॅम्पातून, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातून, गल्लीत आला आणि आता पोरं त्याला आपलाच समजतात.

पण भोपळ्याबद्दल मी तुमच्या बाजूची आहे. आमच्या गटात जे फोटो काळजाला भिडले त्यात एकही कोरलेला भोपळा नव्हता. एकानं पिंपळाच्या पारावर नुसत्या ओल्या पावलांच्या खुणा केल्या, मुंज्या कुठं दिसलाच नाही. एकीनं चकवा केला: शेतातली पायवाट फिरून फिरून त्याच दाराशी येते, पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी दार थोडं जास्त उघडं. आजीनं सांगितलेलं कुणी हातात घेतलं की असं होतं. तुम्ही वर्गात मुलांना घरच्या गोष्टी विचारून याच चित्रातून मांडायला लावा. मला बोलावलंत तर लॅपटॉप घेऊन येईन.

आणि वटवाघळांचं. मुलांना सांगा की खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्यात, तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथल्या एका वटवाघळाची 1913 साली शास्त्रात नोंद झाली आणि पुढे कित्येक वर्षं जगात फक्त तिथंच ते माहीत होतं. रॉटनचं वटवाघूळ म्हणतात. ते कीटक खातं, रक्त पीत नाही. चित्रात घ्यायचं तर त्याचे मोठे कान तरी नीट काढा.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या वेशीवरच्या पिंपळाखाली पांढरी बाई उभी असलेला फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला. खाली लिहिलेलं, "काल रात्री साडेअकरा." ट्यूशनला जाणाऱ्या पोरी पंधरा दिवस लांबच्या रस्त्यानं आल्या. एकीची ट्यूशनच सुटली. मग कळलं की तो तुमच्या खेळातला फोटो. तुमचा खेळ होतो, पोरींचं शिक्षण जातं.
– अंगणवाडी सेविका, बेळगाव तालुका

तो फोटो मी केला होता.

चार संध्याकाळी त्यावर बसले होते. पिंपळाच्या मुळांवर तिची सावली कशी मोडत जाईल हे कळावं म्हणून परसातल्या झाडाखाली भाचीला उभी करून पाहिलं होतं. काम खरंखुरं झालं याचा आनंद होता, आणि खरंखुरं झालेलं चित्र बाहेर गेलं तर काय होईल याचा विचार मी केला नाही. "एडिट केलेला फोटो" एवढं खालच्या कोपऱ्यात बारीक लिहिलं होतं. कुणीतरी कोपरा कापला आणि पुढे पाठवला. कापणाऱ्याची चूक आहेच, पण कापता येईल अशा जागी मी लिहिलं, ती चूक माझी.

1917 साली इंग्लंडात सोळा आणि नऊ वर्षांच्या दोन मावसबहिणींनी ओढ्याकाठी कागदी पऱ्या टाचण्यांनी उभ्या करून फोटो काढले. चेष्टाच होती. शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयलसारख्या माणसानं ते खरे मानून 1920 साली छापायला दिले. बहिणींनी खरं सांगितलं ते 1983 साली, म्हातारपणी. इतकी वर्षं तोंडातून शब्द निघाला नाही. मला तेवढं थांबायचं नव्हतं.

तुमचं पत्र आलं त्या आठवड्यात मी तुमच्या अंगणवाडीत आले, तुम्हाला आठवत असेल. कट्ट्यावर लॅपटॉप ठेवला, भोवती पोरी. प्रत्येक लेयरसमोर डोळ्याचं छोटं चिन्ह असतं. त्यावर दाबलं की तो लेयर जातो, पुन्हा दाबलं की येतो. दोन वेण्यांची एक मुलगी पुढं सरकली आणि तिनं दाबलं. बाई गेली. नुसता पिंपळ. पुन्हा दाबलं, बाई आली. मग सावलीचा लेयर बंद केला, तर बाई हवेत तरंगायला लागली आणि सगळ्या हसल्या. तिनं मला विचारलं, "ही कोण मग?" म्हटलं, माझी भाची, हिंडलग्याला असते, बी.कॉम.ला आहे. ती मुलगी बराच वेळ तो डोळा उघडझाप करत बसली. दुसऱ्या दिवशी ती वेशीवरून गेली असं तुम्हीच फोनवर सांगितलंत.

म्हणून आता आमच्या गटात नियम आहे. खूण कोपऱ्यात नाही, भुताच्या अंगावर, पदरावर किंवा छातीवर, कापली तर भूतच कापलं जाईल अशी. ओळखीच्या रस्त्याचा किंवा गावाचा फोटो घ्यायचा नाही. आणि लेयरसकट मूळ फाइल वर्षभर ठेवायची, कुणी विचारलं तर उघडून दाखवता यावी. ज्या मुलीची ट्यूशन सुटली तिच्याबद्दल आपलं बोलणं झालंय. मार्चपर्यंत शनिवार-रविवार गणित मी घेईन.

एआयला नुसतं लिहून सांगितलं तर भूत मिनिटात तयार होतं. ते पाठवलं तर चालेल का?
– वाचक, बेळगाव

आमच्या गटात नाही. ते चित्र सुंदर असेल, पण कडीची सावली कुठं पडली हे तुम्ही त्यात पाहिलेलं नसतं. आम्ही जमतो ते पाहायला शिकण्यासाठी.

काकू, मी आठवीत आहे. आमच्याकडे संगणक नाही. एडिटिंग न करता भूत काढता येतं का? मला धाकट्या भावाला भूत करायचं आहे.
– विद्यार्थी, येळ्ळूर

येतं की, आणि तुझं भूत सगळ्यात चांगलं येईल. बाबांच्या मोबाइलमध्ये प्रो मोड आहे का बघ. नाइट मोड घेऊ नकोस, तो हललेलं माणूस पुसून टाकतो. आयएसओ (उजेड टिपायची तीव्रता) 100, शटर (कॅमेरा उघडा राहायचा वेळ) 20 सेकंद, टायमर 10 सेकंद. मोबाइल विटेला टेकवून घट्ट ठेव. परसातला बल्ब बंद कर, नाहीतर सगळं पांढरंफटक येईल. पौर्णिमेच्या आसपासचं चांदणं पुरतं. भावाला पांढरा सदरा घाल आणि काळोख्या भिंतीसमोर उभा कर, पांढऱ्या भिंतीसमोर तो दिसणारच नाही. फोटो सुरू झाला की तू मनात दहा मोज, तोवर त्यानं श्वाससुद्धा हळू घ्यायचा. दहा झाले की त्यानं चटकन बाजूला पळायचं, पुढचे दहा सेकंद भिंत एकटी. फोटोत तुझा भाऊ आरपार दिसेल, त्याच्यातून भिंतीचे दगड मोजता येतील.

पहिले तीन-चार बिघडतील. भाऊ हसेल, त्याला हसू दे. राजहंसगडावर रात्री जायचं नाही, परसातच करायचं, आणि आईला आधी सांगून. चांगला आला की मला पाठव. सदऱ्यावर गडद रंगाच्या खडूनं "माझा भाऊ" असं मोठं लिहायला विसरू नकोस.