यादी पाठवू नका, कवायत लावा: ताफ्यातली जहाजं तपासण्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आपल्या लिहून खेळायच्या भूमिका-खेळात मोहिमेआधी ताफ्यातली चारही अंतराळजहाजं तपासायचं काम गेममास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तुमच्याकडे दिलं. तुम्ही लांबलचक यादी करून प्रत्येक कॅप्टनला पाठवली. तिघांनी प्रत्येक रकान्यात "ठीक आहे" लिहून ती परत केली. चौथ्याच्या जहाजाला तुम्ही नापास शेरा दिला आणि तेव्हापासून तो खेळाडू लिहायचाच थांबला आहे.

माझं स्पष्ट मत आहे की असल्या याद्यांचा आपल्या खेळात उपयोग नाही. जहाज कल्पनेतलं आहे, त्यामुळे "इंजिन ठीक आहे का?" या प्रश्नाचं उत्तर खेळाडू त्या क्षणी ठरवतो, आणि स्वतःच्या जहाजाबद्दल विचारलं की कुणीही "ठीक" असंच ठरवणार. त्याने खोटं लिहिलंय असं नाही. तुमच्या प्रश्नाने त्याला विचार करायला भाग पाडलं नाही, एवढंच. तपासणीत जहाजाला काहीतरी करायला लावावं लागतं. अमेरिकी नौदलाचं तपासणी मंडळ खऱ्या युद्धनौकांच्या बाबतीत हेच करतं. जहाज समुद्रात न्यायचं, पूर्ण वेगाने पळवायचं, त्या वेगात असतानाच इंजिनं उलटी फिरवायला लावायची, सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघायचं, नांगर टाकायचा आणि उचलायचा. कागदही बघतात, पण जहाजाचं खरं रूप दिसतं ते नांगर टाकताना.

आपल्याकडे हे कसं करायचं ते एका प्रसंगावरून सांगतो. मागच्या मोहिमेआधी एका मालवाहू जहाजावर तपासनीस म्हणून माझं पात्र गेलं होतं. मी एकच हुकूम लिहिला: "इंजिनरूम आणि मालखाना यांच्यामधला दरवाजा आत्ता बंद करा." अभियंत्याने लिहिलं, "बंद केला." मी विचारलं, "त्या दरवाजातून काय काय जातंय?" थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं ते फार सुंदर होतं. लिखाणाच्या आधीच्या एका फेरीत त्यांनी लशींच्या शीतपेट्या मालखान्यात घेतल्या होत्या आणि त्यांना वीज द्यायला इंजिनरूममधून जाड केबल ओढली होती. ती केबल त्याच दरवाजातून गेली होती आणि सगळे विसरून गेले होते. म्हणजे हवा गळायला लागली तर दरवाजा लागणार नाही, आणि लावायचाच झाला तर केबल तोडून लशी घालवाव्या लागतील. एका साध्या हुकुमातून पुढच्या कित्येक फेऱ्यांचं कथानक निघालं, आणि ते खेळाडूने स्वतःच शोधून काढलं.

हा हुकूम मला सुचला तो रशियाच्या मीर अंतराळस्थानकावर घडलेल्या प्रसंगावरून. २५ जून १९९७ रोजी प्रोग्रेस हे मानवरहित मालवाहू यान हाताने जोडण्याचा सराव चालू असताना मीरच्या स्पेक्ट्र विभागावर आदळलं आणि हवा गळू लागली. तो विभाग बाकीच्या स्थानकापासून वेगळा करायचा तर दार लावायला हवं, आणि दारातून केबल्स गेलेल्या. काही सोडवून, काही कापून मगच झाकण बसवता आलं. स्पेक्ट्रवरच्या सौरपट्ट्यांची वीजही त्यासोबत गेली आणि स्थानक अंधारात आलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मीरवर आग लागली होती. तेव्हा वर सहाजण होते आणि परतीची दोन सोयुझ यानं, पण आगीने त्यातल्या एका यानाची वाट अडवली. कागदावर दोन्ही यानं तयारच होती. म्हणून "जीवरक्षक यानं किती आहेत?" असं विचारू नका. "मधल्या मार्गिकेत आग आहे, तुमचं पात्र आत्ता कुठे आहे, यानापर्यंत कसं पोचेल?" असं विचारा.

आता आकड्यांकडे येतो. आपला ताफा ट्रॅव्हलर या अंतराळ भूमिका-खेळाच्या जुन्या नियमांवर चालतो, आणि १९७७ साली निघालेल्या या खेळात तपासनीसाला लागणारं बरंच काही तयार मिळतं. दोनशे टनी फ्री ट्रेडर, म्हणजे त्यातलं लहान व्यापारी जहाज, घ्या. टाकीत इंधन ३० टन: एका जंपला, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे मारलेल्या झेपेला, २० आणि वीजसंयंत्राला चार आठवड्यांसाठी १०. तुम्ही फक्त मागच्या फेऱ्या वाचा आणि कुठे इंधन भरलं, कुठे जंप मारली याची बेरीज-वजाबाकी करा. अर्ध्या जहाजांचा हिशोब जुळत नाही असं तुमच्याच लक्षात येईल. तसंच, इंधन गुरूसारख्या वायुग्रहावरून उपसलं असेल आणि ते शुद्ध केल्याचा उल्लेख कुठेच नसेल, तर जंप भरकटण्याचा धोका नियमात आहेच. वार्षिक देखभालीचंही तेच. जहाजाच्या किमतीच्या ०.१ टक्के, म्हणजे फ्री ट्रेडरला ३७,०८० क्रेडिट, आणि ए किंवा बी अशा वरच्या दर्जाच्या बंदरात दोन आठवडे मुक्काम. हा मुक्काम कुणीच लिहीत नाही, कारण त्यात थरार नाही. तपासनीसाने तो मागितलाच पाहिजे.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हवा, आणि तिच्याकडे कोणीही बघत नाही. जंपमध्ये जहाज सुमारे आठवडाभर असतं, आणि तेवढा वेळ बाहेरून कसलीही मदत येत नाही. त्यामुळे जहाज तयार आहे का, या प्रश्नाचा खरा अर्थ आठवडाभर ते स्वतःच्या बळावर जगेल का, असा होतो. हिशोब करून बघा. फ्री ट्रेडरवर दहा खोल्या, प्रत्येकी चार टन, म्हणजे ४० टन. या खेळात टन हे जागेचं माप आहे, एक टन म्हणजे साधारण १४ घनमीटर, म्हणून राहण्याची जागा झाली ५६० घनमीटर. एक माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा माणसांचा दहा किलो, म्हणजे जवळपास साडेपाच घनमीटर वायू. याचा अर्थ हवा शुद्ध करणारा स्क्रबर बंद पडला तर रोज साधारण एक टक्का वायू वाढत जाणार. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकी दुखायला लागतील, धाप लागेल, माणसं चिडचिडी होतील, साध्या बेरजा चुकतील. आठवडा संपता संपता शुद्ध हरपायची वेळ येईल. हा हिशोब कॅप्टनसमोर ठेवा आणि फक्त विचारा: "स्क्रबरचे सुटे भाग कुठल्या कपाटात आहेत आणि ते बदलता कुणाला येतात?" ज्या जहाजावर या प्रश्नाला लगेच उत्तर मिळतं, ते जहाज मी डोळे झाकून मोहिमेवर पाठवीन.

नापास शेऱ्याबद्दल. तो शब्दच वापरू नका, कारण खेळाडूला तो स्वतःला लागतो. महिनोन्महिने लिहून उभं केलेलं जहाज असतं ते. खऱ्या विमानसेवेत यावर उत्तम तोड आहे. प्रत्येक विमानासोबत एक मान्य यादी असते: कुठलं उपकरण बंद असलं तरी उडता येईल, कुठल्या अटीवर, आणि ते किती दिवसांत दुरुस्त झालं पाहिजे. काहींना ३ दिवस, काहींना १०, काहींना १२०. त्यामुळे दोष असलेलं विमानही उडतं, पण दोषाची नोंद असते आणि मुदत चालू असते. तुम्हीही तसंच लिहा: "मागचा सेन्सर बंद. जहाज जाऊ शकतं, पण ताफ्याच्या मागच्या बाजूला राहणार नाही. तीन जंपच्या आत दुरुस्ती." खेळाडूच्या हातात बंधन आलं, मुदत आली, म्हणजे लिहायला विषयच आला. जहाज खरोखर थांबवायचं ते फक्त हवा, दरवाजे आणि जंपयंत्र यांच्यासाठी. तेव्हाही संकोच करू नका. जुलै २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं उड्डाण ५६ मिनिटं २४ सेकंद बाकी असताना तांत्रिक अडचणीमुळे थांबवलं होतं. पहाटे सगळा देश जागा होता, तरी थांबवलं, आणि आठवड्याभरात, २२ जुलैला ते व्यवस्थित उडालं.

आणखी एक तपासणी आहे, ती पात्रांची नाही, खेळाडूंची. ती कथेबाहेर, साध्या निरोपाने करायची. सुकाणू धरणारा गणपतीला कोकणात जाणार असेल आणि गावात रेंज नसेल, तर लढाईच्या ऐन फेरीत जहाज जागच्या जागी उभं राहील. कुणाची बारावी असते, कुणाच्या कंपनीत मार्चअखेर. म्हणून प्रत्येक जागेसाठी दुसरा माणूस आधीच ठरवून घ्या आणि कथेतही तो त्या कामात शिकाऊ म्हणून दाखवा, म्हणजे ऐनवेळी स्वयंपाकी अचानक जंपचं गणित करतोय असं होणार नाही. आणि पात्राला कायमची इजा होईल असा दोष काढणार असाल तर खेळाडूला आधी विचारा. आश्चर्य जहाजाच्या बाबतीत चालतं, दुसऱ्याच्या पात्राच्या बाबतीत नाही.

तपासनीसाचं पात्रही नीट रंगवा. दरडावणारा, चेहरा न हलवणारा अधिकारी सगळेच लिहितात, आणि त्याच्यासमोर खलाशी फक्त "हो साहेब, नाही साहेब" करतात. माझ्या पात्राची सुरुवात भटारखान्यात होते. तिथे चहा घेताना तो विचारतो, रात्रपाळीला कोण जागं असतं, कुठला पंप आवाज करतो, कुठल्या दाराला लाथ मारावी लागते. भटारखान्यातली माणसं मोकळेपणी बोलतात, आणि दाराला मारावी लागणारी लाथ हा प्रत्यक्षात बिजागरीचा दोष असतो.

तुमच्या चौथ्या कॅप्टनला आज साधा निरोप लिहा, तपासनीस म्हणून नको, सहखेळाडू म्हणून. शेरा मागे घेतोय म्हणा, त्याऐवजी त्याच्या जहाजावर एक फेरीची कवायत घ्यायची आहे म्हणा, आणि कुठला दोष निघाला तर त्याला आवडेल हे त्यालाच विचारा. बहुतेक खेळाडूंच्या मनात आपल्या जहाजाची एखादी दुखरी जागा असते, विचारणारा भेटलेला नसतो. तो हो म्हणाला की पहिली कवायत त्याच्याच जहाजावर घ्या. बाकीच्या तिघांना ती वाचू द्या, मग त्यांचे "ठीक आहे" चे कागद परत पाठवा आणि त्यांना एकेक दरवाजा बंद करायला सांगा.