नावात ‘आय-सेव्हन’ आहे, पुढचा आकडा वाचलात का?

जुना प्रोसेसर बरा की नवा, या एकाच प्रश्नाची किती रूपं असू शकतात, हे तुमच्या पत्रांवरून कळतं. गोंधळ तोच असल्यामुळे यावेळी सगळ्यांना एकत्र उत्तरं देतोय. ज्यांनी फक्त ‘माझा संगणक चांगल्या कंपनीचा आहे’ एवढंच लिहिलंय, त्यांनी प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल कळवावं. अंदाजाने सल्ला देणार नाही.

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपवर ३.४ गिगाहर्ट्झ आहे, नव्या लॅपटॉपवर १.६. म्हणजे नवा निम्म्या वेगाचा ना?

नाही. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला किती ठोके पडतात ते. एका ठोक्यात काम किती उरकतं, हे त्या आकड्यात नसतं.

हा गैरसमज कंपन्यांनीच वाढवला. इंटेलचा पेंटियम फोर हा प्रोसेसर २००० साली १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झवर आला आणि आकडा चढवत चढवत ३.८ पर्यंत गेला. चार गिगाहर्ट्झचा आणू, असं इंटेलने सांगितलं होतं. २००४ मध्ये तो बेत सोडावा लागला. उष्णता आवरेना. आकडा वाढावा म्हणून पाइपलाइनचे, म्हणजे एक आदेश ज्या रांगेतून पार पडतो तिचे, टप्पे वाढवत ३१ पर्यंत नेले होते, त्यामुळे पुढच्या आदेशाचा अंदाज चुकला की एवढी लांब रांग मोडून पुन्हा लावायची. २००६ मध्ये इंटेलचाच १४ टप्प्यांचा कोअर टू ड्युओ आला आणि २.४ गिगाहर्ट्झवर चालून त्याने ३.६ च्या पेंटियमला मागे टाकलं, तेही कमी विजेत.

शिवाय लॅपटॉपवरचा १.६ हा बहुधा नुसता बेस क्लॉक, म्हणजे पायाभूत वेग, असतो. काम पडलं की तोच प्रोसेसर दुपटीपुढे जातो. दोन्हींची पूर्ण मॉडेलं जाणकाराला दाखवल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

प्रश्न : जुन्याच मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसेल का?

बहुतेक वेळा नाही. सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) जुळला तरी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) जुळेलच असं नाही, म्हणून बोर्डाच्या कंपनीने दिलेली यादी बघा.

प्रश्न : लॅपटॉप पूर्वी पळायचा, आता रांगतो. वर्षभर पंखाही सारखा ओरडतोय. प्रोसेसर म्हातारा झाला का?

वर्षभर ओरडतोय आणि आज विचारताय!

प्रोसेसर जात्यासारखा झिजून मंदावत नाही. पंख्यात धूळ बसते, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा लेप) सुकते, उष्णता बाहेर पडत नाही, आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरच आपला क्लॉक उतरवतो. तुम्ही वर्षभर चढण चढताना हँडब्रेक ओढून ठेवला होता म्हणा. आत अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर संशय आधी तिच्यावर घ्या. विखुरलेल्या लहान फायली शोधताना तिची जी दमछाक होते, तिचं खापर प्रोसेसरवर फुटतं. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावर ‘नवा प्रोसेसर टाकला का?’ असं विचारणारे लोक मी पाहिलेत.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्या. त्यांवरच्या दुरुस्त्यांनी जुने प्रोसेसर काही कामांत थोडे मंदावले, हे खरं. पण ‘अपडेट बंद करा, मशीन पळेल’ असं सांगत जे फिरतात, त्यांचं ऐकू नका. आणि लॅपटॉप स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. या आठवड्यात.

प्रश्न : रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकला जाणारा) आय-सेव्हन मिळतोय. विक्रेता म्हणतो, ‘नव्या आय-थ्रीपेक्षा आय-सेव्हन केव्हाही वरचढ.’ घेऊ का?

हे वाक्य मला पाठ झालंय. तेव्हा जरा सविस्तर.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेलच्या प्रोसेसरांच्या एका पिढीच्या आतली पायरी. पिढी बदलली की सगळा जिनाच वर सरकतो. २०११ चा आय-सेव्हन २६०० घ्या : चार कोअर (स्वतंत्र काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या वाटा), ३.४ गिगाहर्ट्झ, ९५ वॅट. २०२२ चा आय-थ्री १२१०० घ्या : चार कोअर, आठ थ्रेड, ३.३ गिगाहर्ट्झ, ६० वॅट. कागदावर जुळी भावंडं. पण एका कोअरच्या कामात आय-थ्री दुपटीच्या जवळ जातो. जुना एकाच वेळी १६८ आदेश हाताशी धरून त्यांतला जो तयार असेल तो पुढे ढकलू शकतो, नवा ५१२. आदेश उलगडण्याचा मार्ग चारपदरी होता, तो सहापदरी झाला. कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) मोठी, मेमरी वेगवान. यातलं काहीही डब्यावरच्या स्टिकरवर नसतं.

लॅपटॉपमध्ये तर आणखी गंमत. आय-सेव्हन ७५००यू मध्ये कोअर दोनच. पुढच्याच वर्षीच्या आय-फाइव्ह ८२५०यू मध्ये चार, आणि दोन्ही १५ वॅटचे. आय-सेव्हनच्या नावाखाली दोन कोअर विकले गेले, जुन्या बाजारात आजही विकले जातात.

आकडे पाठ करून सुटका होईल, असंही समजू नका. दहाव्या जनरेशनच्या लॅपटॉपांत १०५१०यू जुन्या १४ नॅनोमीटरच्या घडणीचा, १०६५जी७ नव्या १० नॅनोमीटरच्या, दोघेही आय-सेव्हनच. इंटेलची स्पर्धक एएमडीही मागे नाही. तिच्या रायझन ५७००यू च्या आत झेन टू ही जुनी घडण, ५८००यू मध्ये झेन थ्री ही नवी. सात हजारांच्या मालिकेत तर ७५२०यू हा झेन टू आणि ७८४०यू हा झेन फोर. तिथे तिसरा अंक घडण सांगतो, पण ग्राहक पहिला अंक बघून ‘सातवाला नवा’ म्हणत घरी नेतो. कंपन्यांना हे कळत नाही असं कोणी मला सांगू नये.

माझ्या ओळखीतल्या एकाने असाच ‘आय-सेव्हन’ घेतला. पावतीवर मॉडेल नव्हतं, बदलूनही मिळाला नाही. म्हणून मॉडेल नंबर लेखी घ्या, कोअर, थ्रेड आणि बाजारात आल्याचं वर्ष कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून पाहा, आणि पैसे देण्याआधी ती यादी अशा माणसाला दाखवा, ज्याला तुम्हाला काहीही विकायचं नाही.

प्रश्न : आठ कोअर म्हणजे चारच्या दुप्पट वेग ना? काम मोठ्या हिशेबाच्या तक्त्यांचं आहे.

कामाची वाटणी होत असेल तर. संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच हे मांडून ठेवलंय. समजा निम्मं काम एकामागून एकच करावं लागतं. मग एका कोअरच्या तुलनेत चार कोअरवर वेग १.६ पट, आठवर जेमतेम १.७८ पट. व्हिडिओ रेंडरिंगची वाटणी छान होते. ज्यात एक खाना दुसऱ्यावर अवलंबून असतो, अशा तक्त्यांची फारशी होत नाही. तिथे एक कोअर किती चपळ आहे ते बघा. सॉफ्टवेअर किती कोअर वापरतं, हे ते बनवणाऱ्यांनाच विचारा, विक्रेत्याला नको.

प्रश्न : जुन्याला गीकबेंचमध्ये ११०० गुण, नव्याला २४००. म्हणजे दुप्पट?

गीकबेंच म्हणजे प्रोसेसरचा वेग मोजून गुण देणारं सॉफ्टवेअर. त्याची आवृत्ती कोणती? गीकबेंच ५ मध्ये आय-थ्री ८१०० ला १००० गुण धरले होते, गीकबेंच ६ मध्ये आय-सेव्हन १२७०० ला २५००. मोजपट्ट्याच वेगळ्या. सिनेबेंच या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचंही तेच. दोन्ही यंत्रांवर एकच आवृत्ती चालवा. लॅपटॉप असेल तर सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची फेरी संपेपर्यंत थांबा. पहिल्या मिनिटात सगळेच शूर असतात.

प्रश्न : सातव्या जनरेशनच्या आय-सेव्हनवर जुगाड करून विंडोज ११ टाकू का? वेग तर पुरतो.

वेगाचा प्रश्नच नाही. काही अपवाद सोडले तर विंडोज ११ साठीच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर आठव्या जनरेशनपासून आहेत. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जुगाडाने चालेल, पण पुढची अपडेट येतीलच याची हमी नाही. घरच्या किरकोळ वापराला विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या प्रणालीचा विचार करा. त्या यंत्रावर लोकांचे हिशेब किंवा आजारपणाची कागदपत्रं असतील, तर तुमची यंत्रणा सांभाळणाऱ्याशी बोलल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : पुढची पिढी येईपर्यंत थांबू का? तीन वर्षं थांबलोच आहे.

काम अडतंय ना? मग घ्या. मॉडेल नंबर आधी कळवा.