फळी, दोन खिळे आणि एक तार: याला वाद्य म्हणायचं का? यावर राग वाजेल का?

भाच्याने फळीवर तार ताणली आहे, काचेची बाटली सरकवून तो सूर काढतो आणि घरचे त्याला खेळणं म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. ते वाद्यच आहे. रागही वाजतो, पण संथ.

इंदूरला आमच्या भजनी मंडळात मी असंच एक वाजवतो. सागवानी पट्टी, सतारीची बाजाची म्हणजे मुख्य तार, एक खुंटी, आणि घोडीच्या (तार उचलून धरणाऱ्या टेकूच्या) जागी बर्तन बाजारातून आणलेला स्टीलचा डबा. एकतारी नि तुणतुण्यात तार नुसती छेडायची असते, गाणाऱ्याला एकच सूर मिळत राहतो. भाच्याचं वाद्य वेगळ्या घराण्यातलं आहे. अमेरिकेत मिसिसिपीकडे त्याला डिडली बो म्हणतात. तिथली गरीब काळी पोरं झाडूला गुंडाळलेली तार सोडवून घराच्या भिंतीवर खिळ्यांनी ताणत, तिच्याखाली बाटली किंवा डबा सारून ती उचलून धरत, आणि एका हाताने छेडत दुसऱ्या हाताने तिच्यावर बाटली फिरवत. ब्लूज हे तिथल्या काळ्या लोकांचं संगीत वाजवणाऱ्या कितीतरी गिटारवाल्यांचे हात आधी याच तारेवर बसले. मिसिसिपीचा ब्लूज वादक लॉनी पिचफर्ड (१९५५–१९९८) तर हे वाद्य घेऊन मंचावर बसायचा. त्याच्या थडग्याच्या दगडालाही वाजवता येईल अशी तार लावलेली आहे. मला हा सन्मान फार मोठा वाटतो.

आता रागाचं. समजा वाजती तार ६० सेंमी आहे आणि मोकळ्या तारेला सा धरलाय. घोडीपासून मोजत फळीवर खुणा करा: रे ५३.३, ग ४८, म ४५, प ४०, ध ३६, नी ३२, वरचा सा (सां) ३०. सा ते रे जवळजवळ सात सेंमी आणि नी ते सां फक्त दोन! म्हणून वरच्या अंगाला द्रुत तान घेतली की सूर निसटतात. उलट दरबारी रागाचा आंदोलित म्हणजे झुलता गंधार या तारेवर असा लागतो की पडद्याच्या वाद्यांनी हेवा करावा. विचित्रवीणेवरही काचेचा बट्टाच (गोळा) फिरतो, पण तिला सा देत राहणाऱ्या चिकाऱ्या असतात, आपोआप गुंजणाऱ्या तरफा असतात. इथे तुम्ही सा सोडून पुढे गेलात की सा ऐकू यायचाच थांबतो. त्यामुळे तानपुरा हवाच, मोबाईलवरचा चालेल. त्याच्याशिवाय रियाज केला तर कान हळूहळू चढत जातो, आणि हे वाजवणाऱ्याला स्वतःला कळत नाही.

भाच्याला आणखी काही गोष्टी सांगा. तार फळीपासून बोटभर उंच ठेव. बाटली तारेवर नुसती टेकव, दाबू नकोस. दाबली की ताण वाढतो आणि सूर चढतो. काच खुणेच्या बरोबर वर आली पाहिजे, अलीकडे-पलीकडे नको. सुरुवातीला भूप घ्यायला सांगा, पाचच स्वर आहेत आणि मधली अंतरं मोठी आहेत.

आवाज लहान वाटला तर डब्याला पायझो पिकअप (कंपनं विजेच्या संकेतात बदलणारी चकती) चिकटवून स्पीकरला जोडता येतो. ती चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. आमच्याकडे एकादशीच्या भजनाला टाळ-मृदंगाच्या गजरात तेवढं करावंच लागतं.